फेडरल कोर्टात न्यायाधीश दिसत नाहीत, तेव्हा ते काय करत असतात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. न्यू जर्सीतल्या एका कन्सल्टिंग कंपनीने तुमचा साडेतीन महिन्यांचा पगार दिला नाही. तुमच्या वकिलांनी नेवार्कच्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा लावला, त्याला अकरा महिने झाले. कंपनीने दावा फेटाळावा म्हणून अर्ज केला आणि त्यावर पाच महिने निर्णय नाही. न्यायाधीशांना तुम्ही अजून पाहिलेलंसुद्धा नाही. एकदा फोनवर सुनावणी झाली, ती ‘मॅजिस्ट्रेट जज’पुढे. कोर्टाच्या ऑनलाइन रोजनाम्यात त्या अर्जासमोर तारीख दिसली म्हणून तुम्ही रजा काढून नेवार्कला गेलात, तर कोर्टरूम बंद. सांगलीच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले तुमचे वडील म्हणतात की अकरा महिन्यांत एकदाही बोर्डावर न लागलेलं प्रकरण म्हणजे कपाटात पडलेलं प्रकरण. तेव्हा न्यायाधीश कागद वाचत तरी आहेत का, त्यांना थेट पत्र लिहावं का, राज्याच्या कोर्टात गेलो असतो तर बरं झालं असतं का, आणि हरलो तर सुप्रीम कोर्टात जाता येईल का, असे तुमचे प्रश्न आहेत. जाता जाता व्हिसाची काळजीही तुम्ही बोलून दाखवली आहे.

आधी एक स्पष्ट करते. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत आणि मी तुमची वकील नाही. त्यामुळे ‘तुम्ही जिंकाल का’ याला माझ्याकडे उत्तर नाही. पण हे कोर्ट कसं चालतं ते सांगू शकते, कारण ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. पुण्यात शिवाजीनगरच्या कोर्टात सहा वर्षं दिवाणी काम केलं आणि नंतर इथे नोकरीच्या आणि पगाराच्या दाव्यांत बरीच वर्षं काढली.

तुमच्या वडिलांचं म्हणणं त्यांच्या कोर्टापुरतं अगदी खरं आहे. आपल्याकडे प्रकरण तारखेवर जगतं. पुकारा होतो, वकील उभे राहतात, मुदतीचा अर्ज येतो, पुढची तारीख पडते. न्यायाधीशांचं काम पक्षकाराला डोळ्यांनी दिसतं. फेडरल कोर्टात दिवाणी दाव्याचं जवळजवळ सगळं काम कागदावर होतं आणि तारीख ही न्यायाधीशापुढे उभं राहण्याची नसते, कागद दाखल करण्याची असते. इथे आल्यावर पहिलं वर्षभर मलाही हे पचलं नव्हतं. अर्ज दाखल केला की दर सोमवारी वाटायचं, आज तरी बोलावतील.

आता पाया. भारतात न्यायालयांचा जिना एकच. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायालय, मुंबई उच्च न्यायालय आणि वर दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय. कायदा संसदेने केलेला असो की महाराष्ट्राच्या विधिमंडळाने, सांगलीचं तेच कोर्ट दोन्ही लावतं. अमेरिकेत जिने दोन आहेत, शेजारीशेजारी. पन्नास राज्यांची आपापली न्यायालयं आणि त्यांच्या बाजूला संघराज्याची, म्हणजे फेडरल. तुम्ही राहता त्या एडिसन गावाचंच पाहा. मिडलसेक्स काउंटीचं राज्य न्यायालय न्यू ब्रन्सविकला आहे आणि फेडरल कोर्ट नेवार्कला. यातलं एक वरचं आणि दुसरं खालचं, असं नाही. न्यू ब्रन्सविकच्या निकालावर नेवार्कला अपील करता येत नाही.

‘फेडरल कोर्ट’ हे नाव आपल्यालाही अगदी परकं नाही. १९३५ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानासाठी दिल्लीत फेडरल कोर्ट स्थापन झालं, १९३७ मध्ये. त्याच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत आपले मुकुंदराव जयकर होते. पण ते एकच वरचं कोर्ट होतं, प्रांतांची उच्च न्यायालयं खाली तशीच राहिली. जिल्ह्याजिल्ह्यांत फेडरल कायद्यासाठी वेगळी न्यायालयं असण्याची कल्पना आपल्याकडे कधी आली नाही, म्हणून इथे आल्यावर आपला गोंधळ होतो.

अमेरिकेत ही वेगळी न्यायालयं १७८९ च्या कायद्याने सुरू झाली. आज ९४ फेडरल जिल्हे आहेत. अख्खं न्यू जर्सी मिळून एक जिल्हा, तो नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेन अशा तीन ठिकाणी बसतो. कॅलिफोर्निया, टेक्सस आणि न्यूयॉर्कमध्ये प्रत्येकी चार जिल्हे. त्यांच्या वर १३ अपील न्यायालयं आणि त्यावर वॉशिंग्टनचं सुप्रीम कोर्ट. न्यू जर्सीची अपिलं फिलाडेल्फियाला ‘थर्ड सर्किट’ नावाच्या अपील न्यायालयाकडे जातात.

या कोर्टांबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांचा अधिकार मोजका आहे. राज्याचं न्यायालय साधारणपणे कुठलाही वाद ऐकू शकतं. घटस्फोट, मृत्युपत्र, घरमालक-भाडेकरू, रस्त्यावरचा अपघात हे सगळं मुख्यतः तिथेच जातं आणि अमेरिकेतले बहुतेक खटले तिथेच चालतात. फेडरल न्यायाधीशाला मात्र प्रत्येक दाव्यात आधी स्वतःला विचारावं लागतं की हे ऐकण्याचा मला अधिकार आहे का. दोन्ही पक्षांनी हो म्हटलं तरी भागत नाही. अधिकार नसेल तर पक्षकारांच्या संमतीने तो येत नाही आणि कितीही पुढे गेलेला दावा त्या कारणावरून संपू शकतो.

दिवाणी प्रकरणात आत जाण्याचे मुख्य दरवाजे दोन. वाद फेडरल कायद्यावर असावा, किंवा वादी आणि प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांचे असावेत, नाहीतर त्यांतला एक परदेशी नागरिक असावा, आणि रक्कम ७५,००० डॉलरपेक्षा जास्त असावी. तुमच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर दुसरा दरवाजा तुम्हाला बंद आहे, कारण कंपनी न्यू जर्सीची आणि तुम्हीही तिथेच राहता. ग्रीन कार्डवाला माणूस ज्या राज्यात कायमचा राहतो त्याच राज्याच्या प्रतिवादीविरुद्ध हा दरवाजा वापरू शकत नाही. नुसत्या व्हिसावर असलेल्या परदेशी नागरिकाला ही आडकाठी नाही, पण रकमेची अट त्यालाही आहे. तेव्हा तुमचा दावा बहुधा पहिल्या दरवाजातून आत गेला असावा. साडेतीन महिने काहीच पगार मिळाला नाही म्हणजे फेडरल किमान वेतनसुद्धा मिळालं नाही. ते २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. करारातला तुमचा पूर्ण पगार त्याच्या कितीतरी पट असेल, पण तो मागण्याचा हक्क मुख्यतः राज्याच्या कायद्यातून येतो. एकाच घटनेतून दोन्ही मागण्या निघत असतील तर फेडरल न्यायाधीश राज्याची मागणीही सोबत ऐकू शकतात. तुमच्या वकिलांनी हेच केलं असावं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, न्यायाधीश काय करत असतात.

दावा दाखल झाला की तो चिठ्ठी काढल्यासारखा एका न्यायाधीशाकडे जातो. न्यायाधीश निवडण्याची सोय तुम्हाला नाही आणि कंपनीलाही नाही. त्या दिवसापासून शेवटपर्यंत प्रकरण बहुधा त्यांच्याकडेच राहतं. आपल्याकडे बदली झाली की नवे साहेब येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. इथे डिस्ट्रिक्ट जजची बदली होत नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सेनेट मंजूर करते आणि मग ते पद तहहयात. निवृत्तीचं वय नाही, पगार कमी करता येत नाही आणि महाभियोगाशिवाय काढता येत नाही. आजवर प्रतिनिधीगृहाने १५ फेडरल न्यायाधीशांवर महाभियोग चालवला, त्यातल्या आठ जणांना सेनेटने दोषी ठरवून पदावरून दूर केलं. हे संरक्षण एवढ्यासाठी की सरकारविरुद्ध निकाल देताना त्यांना आपल्या नोकरीचा विचार करावा लागू नये. त्याची दुसरी बाजू अशी की त्यांना घाई करायला लावणारं माणूस फारसं कोणी नसतं.

न्यू जर्सीच्या जिल्ह्यात अशी मंजूर पदं १७. शिवाय ‘सीनियर’ न्यायाधीश असतात, म्हणजे वय आणि सेवा मिळून ठरलेली अट पूर्ण झाल्यावर पूर्ण पगारावर कमी काम घेणारे. ते खरंच मोठा भार उचलतात. पण पदं रिकामी राहिली की उरलेल्यांच्या टेबलावर ढीग वाढतो आणि पदं भरणं वॉशिंग्टनच्या राजकारणावर अवलंबून असतं. तुमच्या पाच महिन्यांतला काही भाग या ढिगाचा असू शकतो.

काही भाग प्राधान्यक्रमाचा. तुमच्या न्यायाधीशांकडे दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कामं असतात. १९७४ च्या एका कायद्याने फेडरल फौजदारी खटला ७० दिवसांत सुरू व्हावा लागतो. त्यातून काही दिवस वगळले जातात हे खरं, पण घड्याळ चालू असतं आणि तुरुंगात माणूस बसलेला असतो. तो खटला उभा राहिला की न्यायाधीशांचे दोन-तीन आठवडे त्यात जातात. मध्येच कोणी तातडीचा मनाई हुकूम मागतं, त्याला त्याच दिवशी बसावं लागतं. कोणाला शिक्षा सुनावायची असेल तर आधी त्या माणसाच्या आयुष्याचा अहवाल वाचायचा, कुटुंबीयांची पत्रं वाचायची. एखाद्या सकाळी शे-दीडशे लोकांना नागरिकत्वाची शपथ द्यायची असते. या सगळ्यांत पगाराचा दिवाणी अर्ज मागे सरकतो. तुमच्या घराच्या हप्त्याला हे कारण चालत नाही, हे मला माहीत आहे. तरी कारण हेच आहे.

तुमच्या अर्जावर काम होतं ते असं. प्रत्येक न्यायाधीशाकडे दोन-तीन लॉ क्लार्क असतात. क्लार्क म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे कोर्टातले कारकून येतात, ते हे नव्हेत. हे तरुण वकील, बहुतेक नुकतेच कायद्याची पदवी घेतलेले आणि वर्गात वरचे, एक-दोन वर्षांसाठी आलेले. तुमचा दावा, कंपनीचा अर्ज, तुमच्या वकिलांचं उत्तर आणि कंपनीचं प्रत्युत्तर असं सगळं त्यांच्यातला एकजण वाचतो, उद्धृत केलेला प्रत्येक निकाल उघडून पाहतो आणि टिपण तयार करतो. मग न्यायाधीश ते वाचतात, मूळ कागद वाचतात, प्रश्न विचारतात, मसुदा परत पाठवतात. कोर्टात उभं राहून वीस मिनिटं बोलण्यापेक्षा वकिलाने लिहिलेली पंचवीस-तीस पानं इथे जास्त मोलाची ठरतात. तेव्हा कागद वाचतात का, याचं उत्तर हो आहे. तोंडी युक्तिवादाची जितकी मुभा आपल्याकडे असते तितकी इथे नसल्यामुळे वाचण्याशिवाय त्यांना दुसरा मार्गच नाही.

रोजनाम्यातली ती तारीख पाहून तुम्ही नेवार्कला गेलात, हे वाचून वाईट वाटलं. न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात अर्जाला ‘मोशन डे’ लावतात. तो दिवस धरून दोन्ही बाजूंच्या कागदांच्या मुदती मोजतात, आणि त्या दिवसापर्यंत सगळे कागद न्यायाधीशांपुढे यावेत एवढाच त्याचा अर्थ. त्याच नोंदीत बहुधा खाली लिहिलेलं असतं की निर्णय कागदांवरून होईल, हजर राहण्याची गरज नाही. तोंडी युक्तिवाद हवाच असेल तर कोर्ट वेगळा आदेश काढून कळवतं.

या अर्जात ठरणार काय? वडिलांना सांगा की हा आपल्या ‘ऑर्डर सात रूल अकरा’चा भाऊबंद आहे. कंपनी म्हणते, वादीने लिहिलंय ते सगळं खरं धरलं तरी त्यातून दावा उभा राहत नाही. म्हणून या टप्प्यावर न्यायाधीश कोण खरं बोलतंय हे पाहतच नाहीत. तुमची विधानं खरी मानून ते विचारतात की कायद्याने दाद मागण्याइतकं यात काही आहे का. २००७ आणि २००९ च्या सुप्रीम कोर्टाच्या दोन निकालांनंतर नुसती मोघम विधानं पुरत नाहीत. ‘कंपनीने बेकायदा पगार अडवला’ हे वाक्य न्यायाधीश बाजूला ठेवतात. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आठवड्याला चाळीस तास काम केलं, त्या काळात एकही चेक आला नाही, अमुक दिवशी ईमेलने मागणी केली’ ही विधानं मात्र वजनदार ठरतात. तुमचा दावा एकदा स्वतः वाचून पाहा. त्यात तारखा आणि तास असतील तर माझी काळजी बरीच कमी होईल.

मॅजिस्ट्रेट जज या नावानेही आपला गैरसमज होतो. आपल्याकडे मॅजिस्ट्रेट म्हणजे फौजदारी न्यायालय. इथे ते डिस्ट्रिक्ट जजांनी मिळून आठ वर्षांसाठी नेमलेले न्यायाधीश आहेत आणि न्यू जर्सीत दिवाणी दाव्याचं रोजचं व्यवस्थापन मुख्यतः तेच सांभाळतात. कोणते कागद द्यायचे, कोणाची जबानी कधी घ्यायची, तडजोडीची बैठक कधी, हे सगळं ते ठरवतात. तुमचा फोन कॉल बिनमहत्त्वाचा नव्हता. त्यातून वेळापत्रकाचा आदेश निघाला असेल आणि तुमच्या दाव्याची गती त्यावर ठरते. फेटाळणीचा अर्ज प्रलंबित असताना कागदपत्रांची देवाणघेवाण चालू ठेवायची की थांबवायची, हे प्रकरणावर आणि न्यायाधीशांवर अवलंबून असतं. म्हणून वकिलांना पहिला प्रश्न हाच विचारा: डिस्कव्हरी चालू आहे की थांबवली आहे? चालू असेल तर गेले पाच महिने वाया गेलेले नाहीत.

डिस्कव्हरी म्हणजे खटल्याआधीच दोन्ही बाजूंनी पुरावा एकमेकांपुढे उघडा करणं. आपण जो साक्षीपुरावा कोर्टात न्यायाधीशांसमोर नोंदवतो, त्याचा मोठा भाग इथे वकिलाच्या ऑफिसात, लघुलेखकासमोर, शपथेवर नोंदवला जातो. एका बाजूला साधारण दहा जबान्यांची मर्यादा आणि एक जबानी एका दिवसात, सात तासांत संपवायची. तिथे न्यायाधीश नसतात. भांडण झालं तरच मॅजिस्ट्रेट जजना फोन जातो. तुमचीही जबानी होईल आणि माझ्या अनुभवात पक्षकाराच्या दृष्टीने तो दिवस सगळ्यात अवघड असतो. त्याची तयारी न्यायाधीश कधी दिसतील या काळजीपेक्षा महत्त्वाची आहे.

यानंतर बहुतेक दावे मिटतात. फेडरल दिवाणी दाव्यांपैकी खटल्यापर्यंत जाणारे शंभरातला जेमतेम एखादा. तो चाललाच आणि कोणी ज्यूरी मागितली असेल, तर तथ्यं ठरवायची ती ज्यूरीने. दिवाणी ज्यूरीत किमान सहा आणि जास्तीत जास्त बारा माणसं असतात, आणि पक्षकारांनी वेगळं मान्य केलं नसेल तर निर्णय एकमताने लागतो. न्यायाधीश कोणता पुरावा ज्यूरीपुढे यावा ते ठरवतात आणि शेवटी कायदा समजावून सांगतात. तुम्ही पगार मागितला होता की नाही, मॅनेजर खोटं बोलला का, यावर त्यांचं स्वतःचं मत काहीही असो, ते ज्यूरीच्या मताच्या जागी ठेवता येत नाही. सहा वर्षं न्यायाधीशांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत काढल्यावर मला हे शिकायला वेळ लागला.

पत्राबद्दल स्पष्ट सांगते: लिहू नका. तुम्हाला वकील आहे तोवर न्यायाधीशांशी बोलायचं ते वकिलांमार्फत. एका बाजूने दुसऱ्याच्या नकळत न्यायाधीशांशी संपर्क साधणं इथे फार गंभीर मानतात. तुमचं पत्र गेलं तर बहुधा ते जसंच्या तसं रोजनाम्यावर चढेल, कंपनीचे वकील वाचतील आणि त्यातली एखादी ओळ पुढे तुमच्याच जबानीत तुमच्यासमोर ठेवतील. माझ्या एका पक्षकाराने मला न सांगता असं पत्र पाठवलं होतं. मजकूर प्रामाणिक होता, पण त्याने कामाच्या तासांचा आकडा आठवणीने लिहिला आणि तो दाव्यातल्या आकड्याशी जुळेना. ती एक विसंगती निस्तरायला आम्हाला दोन महिने लागले.

मग काहीच करता येत नाही का? येतं. तुमचे वकील कोर्टाला दोन परिच्छेदांचं सभ्य पत्र दाखल करू शकतात: अर्ज अमुक तारखेपासून प्रलंबित आहे, मधल्या काळात या विषयावर अमुक नवा निकाल आला आहे. किती दिवसांनी असं पत्र योग्य दिसतं हे न्यायाधीशांच्या स्वभावावर आहे, ते स्थानिक वकिलांना ठाऊक असतं. शिवाय १९९० च्या कायद्याने एक बंधन घातलं आहे. सहा महिन्यांहून जास्त प्रलंबित अर्ज आणि तीन वर्षांहून जुने दिवाणी दावे न्यायाधीशांच्या नावासह जाहीर करावे लागतात. ही यादी वर्षातून दोनदा, ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरच्या स्थितीवर निघते. अर्जाचा कालावधी दाखल झाल्यावर तीस दिवसांनी मोजायला सुरुवात होते. आपलं नाव त्या यादीत यावं असं कोणालाच वाटत नाही, म्हणून मार्च आणि सप्टेंबरमध्ये निकाल भराभर बाहेर पडताना मी दर वर्षी पाहते. तुमचा अर्ज पाच महिन्यांचा आहे, तेव्हा पुढच्या यादीच्या तारखेआधी तो निकाली निघण्याची शक्यता चांगली आहे. हमी मात्र नाही.

राज्याच्या कोर्टात गेला असता तर? कदाचित लवकर खटला उभा राहिला असता, कदाचित नसता, ते काउंटीवर आहे. न्यू जर्सीचा वेतन कायदा २०१९ पासून सहा वर्षं मागचा पगार मागू देतो. फेडरल कायद्यात मुदत दोन वर्षं आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनात तीन. म्हणून काही वकील सरळ राज्याचं कोर्ट गाठतात. फेडरल कोर्टात शिस्त जास्त, वेळापत्रक कडक आणि काही कंपन्या तिथे लवकर तडजोडीला येतात. तुमच्या वकिलांची निवड चुकीची होती असं म्हणायला मला काही कारण दिसत नाही. आणि वर लक्षात ठेवायला सांगितलेला तपशील इथे कामाचा आहे. समजा न्यायाधीशांनी फेडरल मागणी फेटाळली. मग राज्याच्या मागण्या ऐकण्यास ते नकार देऊ शकतात. पण तेवढ्याने पगार बुडत नाही. त्याच मागण्या न्यू ब्रन्सविकला नेता येतात आणि फेडरल कोर्टात गेलेल्या काळात मुदत संपू नये म्हणून कायद्याने किमान तीस दिवसांची सवलत ठेवली आहे. ते तीस दिवस मात्र झोपेतसुद्धा विसरू नका.

अपील. अंतिम निकालानंतर तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, प्रकरण फिलाडेल्फियाला जातं आणि तीन न्यायाधीशांचं खंडपीठ ते पाहतं. आपल्याकडे पहिल्या अपिलात पुरावा नव्याने तपासतात. इथे अपील न्यायालय मुख्यतः कायदा नीट लावला गेला का एवढंच बघतं. साक्षी नाहीत, नवे कागद नाहीत आणि बऱ्याचदा तोंडी युक्तिवादही नाही. सुप्रीम कोर्ट तर आणखी वेगळं. नऊ न्यायाधीश, ते आपल्यासारखे दोन-दोन, तीन-तीनच्या खंडपीठांत न बसता एकत्र बसतात. दरवर्षी हजारो अर्ज येतात आणि पूर्ण ऐकले जातात साठ-सत्तर. त्यासाठी नवांपैकी चौघांनी हो म्हणावं लागतं. तेही ‘या पक्षकारावर अन्याय झाला’ एवढ्यासाठी क्वचितच म्हणतात. दोन सर्किटनी एकाच कायद्याचे वेगवेगळे अर्थ लावले असतील तर ते लक्ष घालतात. पगाराच्या साध्या वादासाठी फिलाडेल्फिया हेच शेवटचं स्टेशन समजून नियोजन करा.

व्हिसाबद्दल. नेवार्कच्या ज्या न्यायाधीशांपुढे तुमचा पगाराचा दावा आहे, त्यांच्यापुढे तुमच्या व्हिसाचा प्रश्नच नाही आणि ते या दाव्यात तो रद्द करू शकत नाहीत. ‘इमिग्रेशन जज’ नावाचे अधिकारी असतात, पण ते या फेडरल न्यायव्यवस्थेतले नव्हेत. ते न्याय विभागाचे, म्हणजे सरकारचे कर्मचारी. त्यांना तहहयात नेमणुकीचं संरक्षण नाही. दोघांच्याही दारावर ‘कोर्ट’ लिहिलेलं असतं म्हणून लोक घाबरतात, आणि त्या भीतीने हक्काचा पगार सोडून देणारी आपली माणसं मी पाहिली आहेत. तुमचा दर्जा नोकरीशी बांधलेला असेल तर ती गोष्ट वेगळ्या, इमिग्रेशनच्या वकिलाला जरूर विचारा.

आता लगेच करण्यासारखं. ‘पेसर’वर, म्हणजे फेडरल कोर्टांचे कागद पाहण्याच्या ऑनलाइन सोयीवर, स्वतःचं खातं काढा. पानाला दहा सेंट आणि एका दस्तऐवजाला कमाल तीन डॉलर पडतात. तिथे तुमचा पूर्ण रोजनामा दिसेल. वेळापत्रकाचा आदेश काढून त्यातल्या सगळ्या तारखा वहीत उतरवा, आणि एकेका तारखेपुढे ती कागदाची आहे की हजेरीची, हे वकिलांकडून लिहून घ्या.

निकाल आला की आधी शेवटचं पान आणि सोबतचा छोटा आदेश वाचा. अर्ज नामंजूर झाला असेल तर कंपनीला बहुधा चौदा दिवसांत आपली कैफियत द्यावी लागेल. दावा फेटाळला असेल तर ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहिलंय का ते शोधा. ते असेल तर बहुधा दावा सुधारून पुन्हा देण्याची वाट मोकळी असते आणि त्याची मुदत त्याच आदेशात दिलेली असते. ‘विथ प्रेज्युडिस’ असेल तर त्याच दिवशी वकिलांना फोन करून अपिलाचे तीस दिवस कधी संपतात ती तारीख विचारा.

वडिलांना हा रोजनामा वाचून दाखवा. कोणता कागद आला, त्यावर काय आदेश झाला आणि पुढे काय यायचं आहे, हे त्यांना तुमच्यापेक्षा लवकर उमगेल.